फोटोवर पोट भरते का?

महाडजवळ सावित्रीच्या काठी सव नावाचे लहानसे गाव आहे. ऊन पाण्याच्या कुंडांमुळे त्याचे नाव दूरवर पोचलेले आहे. वज्रेश्वरी-गणेशपुरी, पालीजवळचे उन्हेरे, सव, आरवली, तुरळ, राजापूर अशी या उन्हाळ्यांची एक माळच सह्याद्री आणि समुद्र यांच्या मधल्या पट्टीत ओवलेली आहे. यांपैकी ज्या कुंडांच्या पाण्याला कुजक्या अंड्यासारखा वास येतो, तिथे चांदीचा दागिना घालून उतरावे आणि मग त्याच्याकडे पाहावे. तो काळवंडलेला असतो. पाण्यातल्या गंधकाच्या संयुगांनी चांदीवर सिल्व्हर सल्फाइडचा थर चढवलेला असतो.

आता याचा फोटोग्राफीशी काय संबंध, असे तुम्ही विचाराल. घरातल्या भिंतीवरचा आजोबा-पणजोबांचा जुना फोटो खाली काढा आणि उजेडात नेऊन पाहा. कडा पिवळसर झाल्या आहेत का? कोट तपकिरी दिसतो आहे का? तसे असेल, तर तुमच्या पणजोबांच्या कोटाला आणि कुंडात काळ्या पडलेल्या पैंजणांना बहुधा एकच रोग झालेला आहे. कारण कृष्णधवल फोटोतला काळा रंग हा शाईचा नसतो. तो चांदीचा असतो!

चांदी आणि ब्रोमीन यांचे संयुग, म्हणजे सिल्व्हर ब्रोमाइड, प्रकाशाला हळवे असते. त्याचे बारीक कण जिलेटिनमध्ये मिसळून काचेवर, फिल्मवर किंवा कागदावर थर देतात. जिथे प्रकाश पडतो तिथल्या कणांत सूक्ष्म बदल होतो. तो डोळ्यांना दिसत नाही, पण विकसक द्रावणात बुडवताच त्या कणांची चांदी होऊन ती काळी दिसू लागते. जिथे प्रकाश पडला नाही तिथले कण तसेच राहतात, आणि ते काढून टाकले नाहीत तर पुढे उजेडात सगळेच चित्र काळवंडेल. ते विरघळवून टाकण्याचे काम ‘हायपो’ करतो. हायपो म्हणजे सोडियम थायोसल्फेट. हा चांदीचे क्षार विरघळवतो हे जॉन हर्शेल यांनी १८१९ मध्येच दाखवले होते, आणि १८३९ मध्ये फोटोग्राफीचा शोध जाहीर झाला तेव्हा चित्र पक्के करण्यासाठी तो वापरावा हेही त्यांनीच सुचवले.

पण थायोसल्फेटच्या रेणूत गंधक आहे, बरे का! फोटो हायपोतून काढल्यावर तो वाहत्या पाण्यात पुष्कळ वेळ धुवावा लागतो. घाईत अर्धवट धुतला तर उरलेला हायपो कागदात लपून बसतो, सावकाश विघटन पावतो, आणि त्यातले गंधक चांदीला गाठते. त्या दिवशी फोटो झकास दिसतो. दहा-वीस वर्षांनी तो पिवळा पडतो.

हा प्रयोग शाळेत करता येईल. परीक्षानळीत पोटॅशियम परमँगॅनेटचे अगदी फिकट गुलाबी द्रावण घ्या आणि त्यात हायपोच्या पातळ द्रावणाचा एक थेंब टाका. गुलाबी रंग जाईल. डार्करूममध्ये काम करणारे छायाचित्रकार नेमकी हीच चाचणी करीत. धुतलेल्या फोटोवरून निथळणारे पाणी अशा द्रावणात पाडायचे. रंग बदलला, तर फोटो पुन्हा पाण्यात! (शिक्षकांनी जवळ उभे राहावे. परमँगॅनेटचे डाग हातावरून लवकर जात नाहीत.)

मला या चाचणीविषयी फार आदर वाटतो. गिऱ्हाइकाला हायपो ठाऊक नसतो. तो फोटो पाहतो, पैसे देतो आणि जातो. फोटो नीट धुतला की नाही हे त्याला कळेपर्यंत स्टुडिओवाला म्हातारा झालेला असतो. तरीही ज्यांनी पाण्याचा आणि वेळेचा खर्च सोसून फोटो धुतले, त्यांचे फोटो आज शंभर वर्षांनीही स्वच्छ आहेत. धंद्यातली सचोटी मोजण्याचे इतके सोपे रसायन दुसऱ्या कुठल्या व्यवसायात असेल असे वाटत नाही.

वडिलांचा प्रश्न

समजा, तुम्ही सवला किंवा पोलादपूरकडच्या एखाद्या गावात राहता. हातात भावाचा मोबाइल आहे. पावसाळ्यात सावित्रीवर उतरणारे धुके, भाताची लावणी, आजीचे हात, असे फोटो तुम्ही काढता आणि ते चांगले येतात. दहावीच्या सुट्टीत तुम्ही घरी सांगता, ‘मला फोटोग्राफर व्हायचे आहे. मुंबईला जाऊन.’ वडील विचारतात, ‘फोटोवर पोट भरते का?’

वडिलांना हसू नका. प्रश्न बरोबर आहे. कोकणातल्या घराचा एक पाय मुंबईत असतोच. बाणकोटच्या खाडीतून गलबते महाडपर्यंत येत, तेव्हापासूनची ही वाट. आज सवहून मुंबई रस्त्याने सुमारे पावणेदोनशे किलोमीटर आहे. पण गिरणीत, गोदीत किंवा कचेरीत जाणारा माणूस महिन्याच्या पगाराकडे जात होता. कॅमेरा घेऊन जाणाऱ्याला पगार कोण देणार?

या प्रश्नाचे उत्तर मुंबईने फार पूर्वीपासून दिलेले आहे. कधी ‘हो’, कधी ‘नाही’.

‘फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे’ १८५४ मध्ये स्थापन झाली. लंडनची सोसायटी निघून अवघे एकच वर्ष झाले होते. डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी, दोघेही या नव्या विद्येत रमले. नारायण दाजींची चित्रे तर प्रदर्शनांतही मांडली गेली. १८५५ मध्ये एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोग्राफीचा वर्ग सुरू झाला. म्हणजे हा विषय पावणेदोनशे वर्षांपूर्वीच्या मुंबईत शाळेत शिकवला जात होता! त्या वर्गात शिकलेल्या हरिश्चंद्र चिंतामण यांनी पुढे मुंबईत स्टुडिओ चालवला. भाऊ दाजी डॉक्टर होते, त्यांना फोटोवर पोट भरायचे नव्हते. हरिश्चंद्र चिंतामण यांनी ते भरून दाखवले. १८९६ मध्ये लाला दीनदयाळ यांनीही मुंबईत आपला स्टुडिओ उघडला. निजामाच्या दरबारी मान असलेल्या माणसालाही मुंबईचे गिऱ्हाईक सोडवत नव्हते, यावरून या शहराची ओढ ध्यानात येईल.

त्याच १८९६ सालच्या ७ जुलैला वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंच्या हलत्या चित्रांचा खेळ झाला. मुंबईत फोटोग्राफीचा व्यवसाय करणारे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजेच सावेदादा, यांनी हा नवा प्रकार पाहिला आणि विलायतेहून चित्रीकरणाचा कॅमेरा मागवला. १८९९ मध्ये त्यांनी हँगिंग गार्डनमध्ये कुस्ती लावून ती चित्रित केली. फिल्म धुण्याची सोय इथे नव्हती, ती लंडनला पाठवावी लागली. १९०१ च्या डिसेंबरात रँग्लर र. पु. परांजपे केंब्रिजहून परतले, तेव्हाचा चौपाटीवरचा सत्कारही सावेदादांनी टिपला. परांजपे मूळचे दापोलीजवळच्या मुर्डीचे, म्हणजे तुमच्या सावित्रीच्या खाडीपलीकडचे. कोकणातल्या गणित्याच्या स्वागताचे हे चित्रण भारतातल्या पहिल्यावहिल्या वार्तापटांत मोजले जाते. सावेदादांनी मात्र पुढे ही यंत्रसामग्री विकून टाकली. पहिला येणारा नेहमीच टिकतो असे नाही.

दादासाहेब फाळक्यांची गोष्ट तर तुम्हाला ठाऊक असेलच, पण तिचा फोटोग्राफीचा भाग सहसा सांगितला जात नाही. जे. जे. स्कूल आणि बडोद्याचे कलाभवन इथे शिकून त्यांनी गोध्र्याला फोटोचा व्यवसाय मांडला. प्लेगच्या साथीत पत्नी आणि मूल गेले. त्यांनी गाव सोडले. कॅमेरा माणसाची शक्ती शोषून घेतो, आयुष्य कमी करतो, अशा समजुतीमुळे बडोद्यात त्यांचा धंदा बसला, असे सांगतात. एका माणसाच्या हातात उत्तम कसब, आणि समोर फोटोला बसायला माणूस नाही!

पुढे चित्रपट काढायचे ठरवल्यावर भांडवल हवे होते. ते मिळवण्यासाठी फाळक्यांनी काय दाखवले असेल? एका कुंडीत वाटाणा पेरला, कॅमेरा तिच्यासमोर पक्का केला आणि महिनाभर ठरावीक वेळाने एकेक चित्र घेतले. पडद्यावर ती चित्रे भराभर सरकली आणि वाटाण्याचा वेल पाहता पाहता वर चढला. ‘अंकुराची वाढ’ हे त्या छोट्या चित्रपटाचे नाव. फोटोचे सामान विकणारे यशवंत नाडकर्णी तो पाहून पैसे द्यायला तयार झाले. त्यातून ‘राजा हरिश्चंद्र’ उभा राहिला आणि ३ मे १९१३ रोजी गिरगावातल्या कॉरोनेशन थिएटरात लागला. वनस्पतिशास्त्राच्या तासाला शोभेल असे चित्र हीच फाळक्यांची सर्वांत यशस्वी जाहिरात ठरली.

हे गणित तुम्हीही मांडा. सेकंदाला १६ चित्रे धरली, तर एक मिनिटाच्या चित्रणाला ९६० चित्रे लागतील. ३० दिवसांचे तास ७२०. म्हणजे दर ४५ मिनिटांनी एक चित्र, रात्रीसुद्धा. आता मोबाइलमध्ये ही सोय तयार असते. पण कुंडीवरचा उजेड महिनाभर सारखा कसा ठेवायचा, हा फाळक्यांपुढचा प्रश्न अजूनही तुमचा तुम्हालाच सोडवावा लागेल.

रसायनशास्त्राचा एक पदवीधर

आता अलीकडचे उदाहरण. गौतम राजाध्यक्ष यांचा जन्म १९५० साली मुंबईत झाला. सेंट झेवियर्स महाविद्यालयातून त्यांनी पदवी घेतली ती कलेची नव्हे, रसायनशास्त्राची! १९७४ मध्ये ते लिंटास या जाहिरात संस्थेच्या छायाचित्र विभागात नोकरीला लागले आणि पुढे त्या विभागाचे प्रमुख झाले. १९८० पासून त्यांनी काढलेली नट-नट्यांची व्यक्तिचित्रे लोकांच्या नजरेत भरू लागली. तरी स्वतंत्र व्यवसायासाठी त्यांनी नोकरी सोडली ती १९८७ मध्ये. म्हणजे तेरा वर्षे ते पगार घेत शिकत होते. त्यांचे ‘फेसेस’ हे पुस्तक १९९७ मध्ये आले, मराठीत ‘चेहरे’ आले. २०११ मध्ये त्यांचे निधन झाले.

ही तेरा वर्षे मला फार महत्त्वाची वाटतात. वडिलांच्या प्रश्नाला इतके समजूतदार उत्तर क्वचितच कोणी दिले असेल.

त्यांच्या व्यक्तिचित्रांची खूण म्हणजे चेहऱ्यावरचा मऊ प्रकाश. ‘मऊ प्रकाश’ म्हणजे काय? तुम्ही छाया आणि उपच्छाया शिकला आहात. प्रकाशाचा उगम बिंदूसारखा लहान असेल तर सावलीची कड सुरीसारखी धारदार येते. उगम मोठा असेल तर उपच्छाया रुंद होते आणि कड विरघळत जाते. ग्रहणाच्या धड्यातली आकृतीच फोटोग्राफर माणसाच्या नाकाखाली काढीत असतो. भर दुपारी अंगणात उभे राहून काढलेल्या फोटोत डोळ्यांच्या खोबणी काळ्या का येतात, ते आता कळेल. सूर्य प्रचंड मोठा असला तरी इतक्या दूर आहे की आपल्याला तो अर्ध्या अंशाएवढाच दिसतो. त्याच माणसाला उत्तरेकडच्या खिडकीजवळ बसवा. चार फुटांची खिडकी दोन फुटांवरून केवढी मोठी! पावसाळ्यात तर अख्खे आभाळच दिवा होते. सवच्या घरातल्या पडवीत जून ते सप्टेंबर जो प्रकाश फुकट मिळतो, तसा तयार करण्यासाठी मुंबईच्या स्टुडिओत पांढऱ्या कापडाच्या मोठमोठ्या पेट्या दिव्यांपुढे लावाव्या लागतात.

भिंगाच्या छिद्राचे आकडे तुम्ही पाहिले असतील: २, २.८, ४, ५.६, ८, ११, १६. हे असे विचित्र का? प्रत्येक आकडा आधीच्याला २ च्या वर्गमुळाने, म्हणजे सुमारे १.४ ने गुणून येतो. हा आकडा म्हणजे भिंगाचे नाभीय अंतर भागिले छिद्राचा व्यास. व्यास १.४ पटीने कमी झाला की क्षेत्रफळ निम्मे, म्हणजे प्रकाशही निम्मा. तेव्हा झडप दुप्पट वेळ उघडी ठेवली की हिशेब जुळतो. वर्गमूळ काय कामाचे, असे वर्गात विचारणाऱ्याला हे सांगा.

स्टीलचा तांब्या आणि काचेचा पेला

व्यावसायिक छायाचित्रकार म्हणजे नट-नट्यांचे फोटो काढणारा, ही समजूत पुसून टाका. मुंबईत यातले कितीतरी लोक आयुष्यभर तेलाच्या बाटल्या, औषधाची खोकी, दागिने, फरशा आणि यंत्रे यांचेच फोटो काढतात. मित्तर बेदी (१९२६–१९८५) यांनी स्वातंत्र्यानंतर उभे राहिलेले कारखाने आणि त्यातली यंत्रसामग्री टिपण्यातच नाव मिळवले. एखाद्या टाकीच्या नळ्यांकडे शिल्पासारखे पाहण्याची सवय त्यांनी या देशातल्या उद्योगांना लावली.

या कामाची चव घ्यायची असेल तर घरातला स्टीलचा तांब्या घ्या आणि त्याचा फोटो काढा. काय आले? तुमचे तोंड, खिडकी, पंखा, दोरीवरचे कपडे, सगळे आले. तांब्या आलाच नाही! चकचकीत धातूला स्वतःचे रूप जवळजवळ नसते. समोर जे असेल ते तो दाखवतो. म्हणून तांब्यावर दिवा मारण्यात अर्थ नाही. तांब्याला काय ‘दिसेल’ ते ठरवावे लागते. आपाती कोन आणि परावर्तन कोन सारखे असतात हा नियम वापरून कॅमेऱ्यापासून उलटे जा. तांब्याच्या पोटावरून वळलेले किरण जिथे पोचतात तिथे धुतलेले पांढरे धोतर ताणून धरा आणि उजेड त्या धोतरावर पाडा. तांब्या दुधासारखा उजळेल. आता बाजूला काळ्या कागदाची एक पट्टी उभी करा. तांब्याच्या कडेला काळी रेघ उमटेल आणि त्याला गोलाई येईल. जाहिरातीतले भांडे असे ‘घडवलेले’ असते.

काचेच्या पेल्याची तऱ्हा वेगळी. तो परावर्तनापेक्षा अपवर्तनाने दिसतो. पेल्याच्या मागे पांढरे कापड उजळा, पण ते कॅमेऱ्याच्या चौकटीपुरतेच ठेवा. बाजूला अंधार असू द्या. पेल्याच्या मधल्या भागातून कापड दिसेल, पण कडेच्या वक्र काचेतून किरण इतके वळतात की तिथे बाजूचा अंधार दिसू लागतो आणि पेल्याला आपोआप काळी बाह्यरेषा येते. कापड मोठे करत जा. रेषा पुसट होत जाईल. ज्या मुलाला ही रेषा जाड-बारीक करता आली, त्याला अपवर्तनाचा धडा पाठ करण्याची गरज नाही.

खारा वारा

समुद्रकाठच्या शहराचे या धंद्याशी एक भांडण आहे. मुंबईची हवा दमट, वर खारी. भिंगावर बुरशी चढते. काचेवर कसली बुरशी, असे वाटेल. पण धूळ, बोटांचा तेलकटपणा, भिंगावरचे लेप, एवढे तिला पुरते. हवेतली सापेक्ष आर्द्रता बराच काळ ६०-६५ टक्क्यांच्या वर राहिली की बुरशीचे धागे कोळ्याच्या जाळ्यासारखे पसरू लागतात, आणि काही बुरश्या आम्ल सोडून काच कायमची खरवडतात. जुन्या निगेटिव्हवरचे जिलेटिन तर तिला पंचपक्वान्नच. म्हणून कॅमेरा घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवतात. ही पुडी ओलावा शोषून थकली की तापवून पुन्हा ताजी करता येते. महाडच्या पावसातही हाच उपाय करा. आणि कॅमेरा चामड्याच्या पिशवीत घालून कपाटात कोंडू नका. चामडे स्वतःच ओल धरते.

दुसरे संकट दवाचे. वातानुकूलित खोलीतून कॅमेरा एकदम बाहेरच्या उकाड्यात आणला तर थंड भिंगावर हवेतली वाफ जमते, थंडगार पाण्याच्या तांब्यावर जमते तशीच. म्हणून बाहेर पडण्यापूर्वी कॅमेरा प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करावा. दव पिशवीवर जमेल. कॅमेरा बाहेरच्या तापमानाला आला की मग पिशवी उघडावी. लग्नाच्या मांडवात नवरा-नवरी उभी असताना भिंग पुसत बसणारा छायाचित्रकार पुढच्या लग्नाला बोलावला जात नाही.

हिशेब आणि हक्क

पोटाकडे वळू. समजा, कॅमेरा, दोन भिंगे आणि दिवे मिळून दीड लाख रुपये लागले आणि हे सामान पाच वर्षे चालेल. पाच वर्षांचे महिने ६०. म्हणजे महिन्याला अडीच हजार रुपये नुसती घसाऱ्यापोटी बाजूला काढले पाहिजेत. भाडे, वीज, प्रवास, मदतनीस हे निराळेच. महिन्याला पाच कामे मिळाली तर प्रत्येक कामातले पहिले पाचशे रुपये तुमचे नाहीतच, ते पुढच्या कॅमेऱ्याचे आहेत. नवखे लोक हे पैसे कमाई समजून खर्च करतात, आणि कॅमेरा बिघडला की धंदा बंद. वडिलांना उत्तर द्यायचे तर सुंदर फोटोंच्या आधी असा कागद त्यांच्यापुढे ठेवा.

आणि हा कायदा नीट वाचा. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात छायाचित्राचा कर्ता म्हणजे छायाचित्र घेणारी व्यक्ती, असे म्हटले आहे. पण कलम १७ मध्ये एक मेख आहे. कोणी मोबदला देऊन तुमच्याकडून छायाचित्र काढून घेतले आणि उलट करार केलेला नसेल, तर त्या छायाचित्राच्या हक्काचा पहिला मालक तो पैसे देणारा असतो. म्हणजे तुमच्याच फोटोचा तुम्हाला पुन्हा उपयोग करता येईलच असे नाही. करार लेखी करावा आणि त्यात फोटो कुठे, किती काळ वापरायचा हे लिहावे. २०१२ च्या दुरुस्तीनंतर छायाचित्राचा हक्क कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षांपर्यंत चालतो. घर-शेतीसारखा हा वारसा आहे. तो एका चहाच्या कपावर देऊन टाकू नये.

शिकायचे कुठे? मुंबईची सर ज. जी. उपयोजित कला संस्था आहे, जिथे जाहिरातकलेबरोबर छायाचित्रण शिकता येते. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांच्या अभ्यासक्रमात डिजिटल फोटोग्राफीचा व्यवसाय आहे. आणि ज्याला भौतिकशास्त्र-रसायनशास्त्र आवडते त्याने खुशाल विज्ञानाकडे जावे. राजाध्यक्षांचे उदाहरण आपण पाहिलेच. एखाद्या जाणत्या छायाचित्रकाराकडे दिवे उचलण्याचे काम करणे हीदेखील शाळाच आहे, फक्त तिथे प्रमाणपत्र मिळत नाही.

मुंबईला जाईपर्यंत हातावर हात ठेवून बसायचे कारण नाही. एक काम तर असे आहे, की ते शिकलेला एक जण महाड-पोलादपूरच्या प्रत्येक गावात असायला हवा. २२ जुलै २०२१ ला सावित्रीचा पूर महाड शहरात शिरला तो तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला आहे. अशा पुरात भांडीकुंडी धुऊन घेता येतात, गादी नवी आणता येते. पण गेलेल्या माणसाचा एकुलता एक फोटो चिखलात सापडला, तर लोक तो पदराला पुसतात किंवा उन्हात टाकतात, आणि तिथेच तो संपतो. भिजलेले जिलेटिन मऊ असते, पुसताना चेहराच निघून येतो.

म्हणून फोटो पुसू नका. एकमेकांना चिकटलेले फोटो कोरडे होऊ देऊ नका. वाळले की ते पुन्हा सुटत नाहीत. चौकटीच्या काचेला चिकटला असेल तर काचेसकट ओलाच ठेवा. पसरट भांड्यात स्वच्छ थंड पाणी घेऊन त्यात फोटो हलकेच सोडा, चिखल आपोआप सुटू द्या आणि गढूळ पाणी दोन-तीनदा बदला. चित्राच्या बाजूला बोट लावू नका, कडेला धरा. मग चित्र वर करून स्वच्छ कापडावर सावलीत वाळत ठेवा, किंवा दोरीला कोपऱ्याने चिमटा लावून टांगा. फोटो पुष्कळ असतील आणि दोन दिवसांत होण्यासारखे नसतील, तर ओलेच प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून शीतकपाटाच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवा. तिथे बुरशी वाढत नाही आणि सवडीने एकेक काढून धुता येतो. वाळल्यावर फोटो खिडकीजवळ, तिरप्या उजेडाची चमक टाळून, सरळ वरून पुन्हा टिपून ठेवा आणि तीन ठिकाणी जपा. त्यातली एक प्रत महाडबाहेरच्या कोणाकडे तरी असू द्या.